शेक, ताण आणि लवचीक स्नायू

शाळेच्या क्रीडास्पर्धांत शर्यत ऐन रंगात येते आणि एखादा धावपटू मांडीचा मागचा भाग धरून एकदम खाली बसतो. अशा वेळी पुष्कळदा स्नायूचे काही तंतू तुटलेले असतात. हे टाळायला उष्णतेची मदत होते. ती कशी?

स्नायूंच्या आवरणांत आणि त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांत कोलॅजन नावाचे चिवट प्रथिन असते. ऊब मिळाली की ते थोडे अधिक ताणले जाते. सांध्यांतील वंगणही थंडीतल्या मधाप्रमाणे घट्ट असते. उष्णतेने ते पातळ होते.

ही उष्णता आणायची कोठून? स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच हालचालीत उतरतो. बाकीच्या ऊर्जेची उष्णता होते. स्नायूंतील याच उष्णतेच्या अभ्यासासाठी आर्चिबॉल्ड हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञाला १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणूनच दहा मिनिटे हलके धावल्याने स्नायू आतून तापतो. गरम पाण्याच्या पिशवीची ऊब मात्र त्वचेखाली फार खोल जात नाही. आखडलेला भाग सैल करण्यापुरता तिचा उपयोग करावा. पिशवी कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे शेकावे आणि लगेच हलका ताण द्यावा.

ताण देताना हिसका देऊ नका. स्नायूंत ताण ओळखणारी सूक्ष्म इंद्रिये असतात. हिसका बसताच ती मज्जारज्जूला संदेश देतात आणि स्नायू उलट आकसतो. सावकाश ताणून सुमारे ३० सेकंद स्थिर राहा. असे तीन-चार वेळा करा. काही आठवड्यांत लवचीकपणा वाढतो. त्याचे मोठे कारण म्हणजे आपली मज्जासंस्था तो ताण सोसायला शिकते. शर्यतीच्या तोंडावर मात्र दीर्घकाळ ताणून धरू नये. स्नायूचा जोर तात्पुरता किंचित घटतो. त्या वेळी पाय झुलवणे, गुडघे उचलून धावणे बरे.

एक धोक्याची सूचना: ताज्या दुखापतीवर पहिले दोन-तीन दिवस शेक देऊ नये. शेकाने रक्तप्रवाह वाढून सूज बळावते. वेदना तीव्र असल्यास डॉक्टरांना दाखवावे.

आता प्रयोग करून पाहा. पाय सरळ पसरून बसा, सावकाश पुढे वाका आणि बोटे कोठवर पोहोचतात ते पट्टीने मोजा. दहा मिनिटे धावून पुन्हा मोजा. किती सेंटिमीटर फरक पडला? वर्गातील सर्वांच्या नोंदींचा तक्ता करा.