दीर्घिकांची टक्कर आणि कृष्णविवराचे झोत

मेच्या मध्यास, अंधाऱ्या रात्री दहाच्या सुमारास मुरुडच्या शिवारातून दक्षिणेकडे द्विनेत्री रोखली, तर क्षितिजापासून सुमारे २८ अंशांवर नरतुरंग तारकासमूहात एक धूसर ठिपका सापडतो. ही सेंटॉरस-ए दीर्घिका, अंतर सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षे. आपल्या डोळ्यांना रेडिओलहरी दिसत असत्या, तर त्या जागी आठ अंश लांबीची, म्हणजे सोळा पूर्णचंद्र ओळीने मांडल्याएवढी आकृती दिसली असती! तिच्या मध्यावरील कृष्णविवराजवळून निघालेल्या दोन झोतांनी ती घडवली आहे. मोठ्या दुर्बिणीतून या लंबवर्तुळाकार दीर्घिकेवर धुळीचा काळा पट्टा दिसतो. तो तिने गिळलेल्या दुसऱ्या दीर्घिकेचा अवशेष मानतात.

गिळण्याचा आणि झोतांचा संबंध काय? गोफण गरगर फिरवताना दगड हातावर येऊन पडत नाही, कारण तो फिरत असतो. दीर्घिकेतील वायूही केंद्राभोवती असाच फिरतो. त्याचा कोनीय संवेग घटल्याशिवाय तो कृष्णविवराजवळ पोचूच शकत नाही. (दोरीला डस्टर बांधून हे वर्गात दाखवता येईल, पहिल्या बाकावरच्यांना मागे बसवावे.) दोन दीर्घिका मिसळतात तेव्हा तारे सहसा आपटत नाहीत, त्यांच्यातील अंतरेच तेवढी मोठी असतात. वायूचे ढग मात्र आपटतात आणि गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीत संवेग गमावून आत घसरतात. कृष्णविवराभोवती त्यांची तप्त चकती बनते. चुंबकीय क्षेत्रामुळे त्यातील थोडे द्रव्य अक्षाच्या दोन्ही दिशांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फेकले जाते.

पण प्रत्येक झोतामागे टक्कर असतेच का? पुण्याच्या ‘आयुका’तील जयदीप बागची व सहकाऱ्यांनी २०१४ साली एका सर्पिल दीर्घिकेतून निघालेले झोत जाहीर केले. त्यांचा पसारा टोकापासून टोकापर्यंत सुमारे ५० लाख प्रकाशवर्षे, आपल्या आकाशगंगेच्या व्यासाच्या पन्नासपट! आणि ही दीर्घिका अगदी नीटस. मोठ्या टकरीची खूण नाही. उलट, कित्येक मिसळत्या दीर्घिकांची केंद्रे शांत आहेत.

अडचण वेळेची आहे. टक्कर होऊन वायू केंद्रापर्यंत पोचायला कोट्यवधी वर्षे लागू शकतात. तोवर टकरीच्या खुणा पुसट होतात. झोतही विझतात, पण त्यांतले इलेक्ट्रॉन दीर्घ तरंगलांबीच्या रेडिओलहरींत बराच काळ तगून दिसतात. नारायणगावजवळ खोडद येथील, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय रेडिओदुर्बीण नेमक्या अशाच लहरी टिपते.