कृत्रिम साधन आणि जंतूंशी शर्यत

गुडघ्याचा कृत्रिम सांधा, हृदयाचा पेसमेकर किंवा मोडलेल्या हाडातील पट्टी यांच्या आधाराने हिंडणारे-फिरणारे वडीलधारे आज अनेक घरांत आहेत. ही साधने जीवन सुसह्य करतात. क्वचित त्यांवर जंतुसंसर्ग झाला, तर मात्र तो हटवणे फार कठीण जाते.

याचे मूळ साधनाच्या पृष्ठभागात आहे. धातू वा प्लॅस्टिकमध्ये रक्तप्रवाह नसतो. त्वचेवर एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही तेथे चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. या थराआड प्रतिजैविकांचे फारसे चालत नाही. अनेकदा साधनच काढावे लागते. अमेरिकन अस्थिशल्यविशारद अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये यास 'पृष्ठभागासाठीची शर्यत' म्हटले. शरीराच्या पेशींनी आधी ताबा घेतला तर साधन स्थिरावते, जंतूंनी घेतला तर संकट ओढवते.

म्हणून पृष्ठभागालाच संरक्षण देण्याचे प्रयत्न झाले. पेसमेकरसारख्या साधनांभोवती प्रतिजैविकयुक्त, शरीरात विरघळणारी जाळीदार पिशवी बसवण्याची चाचणी सुमारे सात हजार रुग्णांवर झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरातील गंभीर संसर्गाचे प्रमाण १.२ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर आले.

प्रत्येक लेप मात्र हितकारक ठरत नाही. संसर्ग टाळण्यासाठी हृदयाच्या कृत्रिम झडपेच्या शिवणपट्टीवर चांदीचा लेप दिला गेला होता. 'सिल्झोन' नावाची ती झडप जानेवारी २००० मध्ये बाजारातून मागे घेण्यात आली, कारण झडपेच्या कडेने रक्त गळण्याचे प्रमाण तिच्यात अधिक आढळले. जंतूंना रोखणारा लेप शरीराच्या पेशींनाही अडवणारा नसावा, हे त्यातून स्पष्ट झाले.

लेप कितीही उत्तम असला, तरी तो स्वच्छतेची व दक्षतेची जागा घेऊ शकत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी मधुमेह आटोक्यात आणावा. दाढेचा ठणका, गळू वा लघवीची जळजळ डॉक्टरांपासून लपवू नये. शस्त्रक्रियेच्या जागेवरील केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. नंतर जखमेतून स्राव, वाढती लाली, वेदना किंवा ताप जाणवल्यास शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विनाविलंब भेटावे. औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणून घेऊ नयेत. त्यामुळे तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि योग्य उपचारास विलंब होतो.