ठणका थांबला, दात बरा झाला का?

परीक्षा तोंडावर आणि नेमकी तेव्हाच दाढ ठणकायला लागते. डेंटिस्ट रूट कॅनॉल सुरू करतात, आतली सुजलेली नस काढतात, औषध भरून वर तात्पुरतं सिमेंट लावतात आणि पुढच्या आठवड्यात बोलावतात. ठणका गायब! मग सबमिशन, ओरल्स, फेस्ट... अपॉइंटमेंट राहूनच जाते. तुमच्या ग्रुपमध्येही असं कुणीतरी असेलच.

पण ठणका थांबतो तो नस काढल्यामुळे, दात बरा झाल्यामुळे नाही. नसच नसलेला दात तक्रार तरी कशी करणार? तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांत झिजतं. फटीतून लाळ झिरपते, लाळेबरोबर जंतूही आत जातात. त्यात बॅक्टेरिया जास्त. पण कधीकधी बुरशीही असते. हो, बुरशी! तिचं नाव कॅन्डिडा अल्बिकन्स. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात ती एरवी गुपचूप राहते. उपचार झालेला दात पुन्हा बिघडतो, तेव्हा काही वेळा ती आत सापडते.

ही बया भलतीच चिवट. दाताच्या आतल्या भिंतीत केसापेक्षा कितीतरी बारीक नळ्या असतात. तिथे ती तंतू पसरून शिरते. दोन भेटींच्या मधे आत भरतात त्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा पीएच साधारण १२.५ असतो. त्यातही ती तग धरू शकते. आणि अँटिबायोटिक? ते बॅक्टेरियासाठी, बुरशीला त्याने काही होत नाही. उलट आजूबाजूचे बॅक्टेरिया मेले की तिला मोकळं रान मिळतं. म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणायचा शहाणपणा नको.

तिच्यावर उपाय आहे. डेंटिस्ट सोडियम हायपोक्लोराइटने कॅनॉल पुन्हा पुन्हा धुतात, लाळ आत जाऊ नये म्हणून दाताभोवती रबर डॅम लावतात, शेवटी कॅनॉल घट्ट बंद करतात. तुमचं काम एवढंच, की शेवटच्या भेटीपर्यंत जायचं आणि कॅप सांगितली असेल तर ती टाळायची नाही. काही न दुखताही मुळाशी इन्फेक्शन वाढत राहू शकतं आणि थेट एक्स-रेमध्येच दिसतं. तोवर दाढ काढायची वेळ आलेली असू शकते. रूट कॅनॉल अर्धवट राहिलंय? आजच फोन करून अपॉइंटमेंट घ्या.