माळ्यावर दोन भिंगांचा कॅमेरा आहे? मुदत संपलेल्या रोलवरही निघतो फोटो

परभणी : पूर्वी लग्नाचे फोटो काढायचा तो यॅशिकासारखा दोन भिंगांचा कॅमेरा माळ्यावर पडून असेल, तर भंगारात देऊ नका. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. १२० नंबरच्या रोलवर १२ चौकोनी फोटो बसतात.

आत रोल असेल तर मागचं झाकण उघडू नका. घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो त्यात असू शकतो. कॅमेरा तसाच जाणकाराकडे न्या.

कोऱ्या रोलची मुदत संपली तरी तो चालतो, फक्त मंद होतो. निगेटिव्ह रोलला दर दहा वर्षांमागे प्रकाश दुप्पट द्यायचा, हा ढोबळ हिशेब. म्हणजे १०० आयएसओचा, मुदत संपून २० वर्षं झालेला रोल २५ चा धरायचा. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. पत्र्याखाली ठेवलेला रोल लवकर बाद होतो. रंगीतपेक्षा काळा-पांढरा जास्त टिकतो.

बॅटरीचा फ्लॅश लावताना कॅमेऱ्याचा खटका 'एक्स'वर ठेवा. 'एम' जुन्या बल्बसाठी असतो. त्यावर फ्लॅश आधीच पडून जातो अन् फोटो काळा येतो. रोल २५ चा धरला तर फ्लॅशचं अंतर निम्मं करा, दहा फुटांऐवजी पाच. बंद पडलेला फ्लॅश खोलू नका, आतला कपॅसिटर जोराचा झटका देतो.

अन् पुन्हा न येणारा प्रसंग असेल, तर मोबाईलवरही एक फोटो काढून ठेवा.