गाडीतला ॲम्प्लिफायर मुका का होतो?

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेसाठी आमच्या वाशीहून पिकअप गाड्या निघतात, त्यांत गाणी लावलेली असतात. समजा, अशाच एका गाडीत गाणे हळू असताना ठीक वाजते. पण आवाज वाढवला की ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला बंद पडते आणि क्षणभराने पुन्हा सुरू होते. मालक म्हणतो, ॲम्प्लिफायर जळाला, नवा घ्या. पेटी खोलण्याआधी आपण ओहमच्या नियमाला विचारून पाहू.

गाडीच्या बॅटरीचा दाब सुमारे 12.6 व्होल्ट. एवढ्या दाबावर 4 ओहमच्या स्पीकरला सरळ जोडणीने जेमतेम 18 वॅट देता येतात. 100 वॅट हवे असतील तर 20 व्होल्ट लागतात (20 चा वर्ग भागिले 4). म्हणून मोठ्या ॲम्प्लिफायरच्या पोटात बॅटरीच्या एकदिश प्रवाहाची सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात, रोहित्राने त्याचा दाब वाढवतात व तो पुन्हा एकदिश करतात. दाब वाढला, पण शक्ती फुकट मिळत नाही. कार्यक्षमता 60 टक्के धरली तर 100 वॅटसाठी बॅटरीतून 167 वॅट, म्हणजे सुमारे 13 अँपिअर ओढले जातात. तेही मुख्यतः ठोक्याच्या क्षणी. खर्जाच्या आवाजाला शक्ती फार लागते.

हा प्रवाह परत येतो कुठून? गाडीच्या लोखंडी बॉडीतून. ॲम्प्लिफायरची अर्थिंगची तार बॉडीला बोल्टने आवळलेली असते. बोल्टखालचा रंग खरवडलेला नसेल, किंवा तिथे गंज चढला असेल, तर त्या सांध्याचा रोध समजा 0.25 ओहम होतो. आकडा क्षुल्लक वाटतो ना? 13 ने गुणा: 3.25 व्होल्ट सांध्यातच गळाले! ॲम्प्लिफायरला उरले 9.35. दाब सुमारे 10 व्होल्टच्या खाली गेला की बऱ्याच ॲम्प्लिफायरमधले संरक्षक मंडल तो बंद करते. प्रवाह थांबताच गळती थांबते, दाब पूर्ववत होतो, गाणे सुरू. पुढचा ठोका, पुन्हा बंद. शिवाय त्या क्षणी सांध्यात 42 वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते, हे लक्षात घ्या.

आता खरी गंमत. गाणे बंद ठेवून मल्टिमीटरने दाब मोजला तर तो 12.6 च दिसतो, कारण प्रवाह नाही तिथे गळतीही नाही. रोध मोजू म्हटले, तर मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध 0.2 ओहमच्या आसपास असतो. मग करावे काय? प्रवाह वाहता ठेवून सांध्याच्या दोन टोकांमधला दाब मोजावा. 19व्या शतकात लॉर्ड केल्व्हिन यांनी अत्यल्प रोध मोजण्यासाठी हेच तत्त्व वापरले.

ठोक्यांवर मीटरचा आकडा स्थिर राहत नाही, म्हणून फोनवरून 50 हर्ट्झचा सलग स्वर लावा, आवाज बंद पडण्याच्या किंचित खाली ठेवा. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरे ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगच्या स्क्रूवर. दाब व्होल्टच्या एकदोन दशांशांहून बराच जास्त आला तर टोक बॉडीवर, मग बोल्टवर, असे सरकवत न्या; जिथे आकडा उडी मारतो तिथे रोग. धन बाजूची तारही अशीच तपासावी. एक खूण मीटरशिवायही मिळते: इंजिन बंद असताना ठोक्यागणिक हेडलाइटही मंद होत असतील तर संशय बॅटरीवर घ्या, हेडलाइट तसेच राहिले तर सांध्यावर.

लाल दिवा लागून ॲम्प्लिफायर कायमच बंद असेल, तर स्पीकरच्या तारा काढून पाहा. दिवा विझला तर एखादी तार बॉडीला टेकली असावी.

फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याजागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणारे महाभाग आहेत. पत्र्यावर घासून तार सोलली आणि वाटेतला एकूण रोध 0.04 ओहम उरला, तर 300 अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो. आवरण पेटायला काही क्षण पुरतात. फ्यूज बॅटरीजवळच हवा, कारण त्याच्या पुढच्याच तारेचे तो रक्षण करतो.

आपल्या पिकअपचा बोल्ट काढला, पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत रंग खरवडला, तार घट्ट आवळली. समजा, 13 अँपिअर वाहत असताना सांध्यावर आता 0.13 व्होल्ट दिसतात. रोध किती उरला आणि उष्णता किती वॅट, हे तुम्ही काढा.