विश्लेषण : ‘परम’ आपला, मग पावसाचा अंदाज परदेशी महासंगणकावर का?

पावसाळ्यात सांगलीकरांच्या मोबाइलवर दोन आकडे फिरत असतात. कोयना धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे आणि आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी किती फुटांवर आहे. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. धरणाचे दरवाजे कधी आणि किती उघडायचे, हे ठरवताना पुढच्या काही दिवसांच्या पावसाचा अंदाज महत्त्वाचा असतो. हा अंदाज महासंगणकावर तयार होतो. त्यातला एक महासंगणक पुण्यात आहे, पण तो भारतीय बनावटीचा नाही. ज्या पुण्यात ‘परम’ जन्मला, तिथेच असे का?

भारताने पहिला संगणक कधी बनवला?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) १९५० च्या दशकाच्या मध्यावर हे काम सुरू झाले. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण अभियंत्यांनी आधी छोटे प्रायोगिक यंत्र तयार केले. पूर्ण आकाराचा संगणक १९६० मध्ये सुरू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. मेमरी होती ४० बिटचे २,०४८ शब्द, म्हणजे आजच्या भाषेत जेमतेम १० केबी. व्हॉट्सॲपवरचा एक साधा फोटोही त्यात मावला नसता.

टिफ्रॅक तयार होईपर्यंत जगात ट्रान्झिस्टरवर चालणारे संगणक येऊ लागले होते. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्येच ‘सीडीसी ३६००’ हा अमेरिकन संगणक दाखल झाला. बनवायला शिकलो, पण तोवर तंत्रज्ञान पुढे गेले, हा अनुभव इथेच आला.

‘परम’ची गरज का पडली?

याचे मूळ हवामानातच आहे. १९८० च्या दशकात भारताला हवामान अंदाजासाठी अमेरिकेच्या क्रे कंपनीचा ‘एक्स-एमपी/२४’ हवा होता. हे यंत्र अण्वस्त्र किंवा क्षेपणास्त्र कार्यक्रमासाठी वापरले जाईल, अशी शंका अमेरिकेला होती. अखेर कमी क्षमतेचा ‘एक्स-एमपी/१४’ मिळाला, तोही अटींसह. त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख झाले. मुदत होती तीन वर्षांची. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला.

‘परम’ नेमका कसा चालायचा?

ऊसतोडीचे उदाहरण घ्या. एकाच माणसाने सगळा फड तोडायचा म्हटले तर तो कितीही चपळ असला तरी दिवस लागतात. टोळीने सऱ्या वाटून घेतल्या की फड लवकर मोकळा होतो. ‘परम’मध्येही एका महागड्या प्रोसेसरऐवजी अनेक छोटे प्रोसेसर एकाच वेळी कामाला लावले होते. खरी कसोटी होती काम नीट वाटण्याची आणि सगळ्यांचा एकमेकांशी मेळ राखण्याची. ती जोडणी आणि सॉफ्टवेअर पुण्यात तयार झाले. आतले ‘ट्रान्सप्युटर’ प्रोसेसर मात्र ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते. पुढे २००३ मध्ये ‘परम पद्म’ने जगातील पहिल्या ५०० महासंगणकांत स्थान मिळवले.

मग ‘देशी’ म्हणजे नेमके काय?

महासंगणकाचे साधारण चार थर असतात. प्रोसेसर चिप, ती बसवलेला सर्व्हर, हजारो सर्व्हर जोडणारे नेटवर्क आणि सॉफ्टवेअर. सी-डॅकने ‘रुद्र’ हा सर्व्हर स्वतः डिझाइन केला आणि तो भारतात बनतो. नेटवर्कसाठी ‘त्रिनेत्र’ विकसित केले. पण ‘रुद्र’मधली चिप इंटेलची आहे. म्हणजे तीन थरांत आपण बरेच पुढे आलो, पहिला थर अजून बाहेरचा आहे.

हवामानासाठी परदेशी यंत्र का?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी एकाच कार्यक्रमात दोन प्रकारचे महासंगणक देशाला अर्पण केले. पुणे, दिल्ली आणि कोलकात्यातील तीन ‘परम रुद्र’, खर्च १३० कोटी रुपये. आणि हवामानासाठीची यंत्रणा, खर्च ८५० कोटी रुपये. हवामानाच्या यंत्रणेतील ‘अर्क’ पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (आयआयटीएम) आहे, तर ‘अरुणिका’ नोएडात. ही यंत्रे फ्रान्सच्या ॲटोस समूहातील एव्हिडन कंपनीची आहेत.

कारण क्षमतेत आहे. ‘अर्क’ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर १५ शून्ये इतक्या आकडेमोडी. तिन्ही ‘परम रुद्र’ एकत्र केले तरी ही क्षमता गाठत नाहीत. शिवाय हवामानाचा अंदाज रोज, ठरलेल्या वेळेत यावाच लागतो. उशिरा आलेला अंदाज कितीही अचूक असला तरी उपयोगाचा नसतो.

सातारा-सांगलीला काय फरक पडतो?

संगणक नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचा पाऊस काढतो. आधी हे चौकोन १२ किलोमीटरचे होते. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मध्ये ते ६ किलोमीटरचे झाले. बाजू निम्मी झाली की चौकोन चौपट होतात. गणिताचे टप्पेही दुप्पट करावे लागतात. म्हणजे आकडेमोड सुमारे आठपट.

सातारा जिल्ह्याला हा बारकावा हवाच. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सुमारे १०० किलोमीटरवरचा माण तालुका दुष्काळी आहे. शेजारच्या पाचगणीतही पाऊस महाबळेश्वरपेक्षा खूपच कमी. चौकोन मोठा असला की घाटमाथ्याचा आणि पायथ्याचा पाऊस एकाच सरासरीत मिसळतो. कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर या पाणलोटातल्या ठिकाणांसाठी तो फरक म्हणजेच धरणात येणारे पाणी.

ही सहा किलोमीटरची प्रणाली आयआयटीएमने विकसित केली आहे. म्हणजे गणित पुण्याचे, यंत्र बाहेरचे.

पुढे काय?

सी-डॅक महासंगणकासाठी स्वतःचा प्रोसेसर डिझाइन करत आहे. ‘वेगा’ हे तिचे छोटे प्रोसेसर आधीच तयार आहेत, आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ही आहे. राष्ट्रीय महासंगणक मोहिमेत सी-डॅकने महानदी खोऱ्यासाठी पूर अंदाज प्रणालीवर काम केले आहे.

यंत्र बाहेरून घेतले तरी आज पाऊस कळतो. पण १९८० च्या दशकात आली तशी अडवणूक पुन्हा आली, तर फटका फक्त प्रयोगशाळांना बसणार नाही. आयर्विन पुलाजवळच्या फुटांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रत्येक घराचा तो प्रश्न असेल.