सोळा बिंदू आणि एक श्रीखंडे

पुण्याच्या शनिवार पेठेत नुसत्या घर क्रमांकावर पाहुणा पोहोचला, असं फारसं घडत नाही. रमणबाग शाळेवरून मेहुणपुऱ्यात शिरा, देवळासमोरच्या वाड्याच्या मागे, गिरणीला लागून. दफ्तरात क्रमांक बदलला तरी हा पत्ता चालतो, कारण तो शेजाऱ्यांवर बेतलेला असतो. गणितातल्या आलेखाचंही तसंच आहे. काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. क्रमांक आपण सोयीसाठी लावलेले. ते कितीही उलटेपालटे केले तरी कोण कुणाला जोडलेलं आहे हे बदलत नाही, तोवर आलेख तोच.

पण तो तोच आहे हे ओळखायचं कसं? 16 बिंदूंना क्रमांक लावण्याचे प्रकार सुमारे 21 लाख कोटी. एकेक ताडून पाहण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा प्रत्येक आलेखाला ठरावीक नियमाने प्रमाण क्रमांक द्यावेत. मग दोन आलेख एकच असतील तर त्यांची नोंद अक्षर न् अक्षर जुळेल.

ऑस्ट्रेलियातले गणितज्ञ ब्रेंडन मॅके यांच्या 'नॉटी' या मोफत संचातली 'लेबलजी' ही आज्ञा हेच करते. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. टर्मिनलवर आज्ञा लिहायची, आलेखांची फाइल द्यायची. आलेखागणिक एक ओळ बाहेर पडते. 16 बिंदूंच्या जोड्या 120. प्रत्येक जोडी जोडलेली आहे की नाही, एवढीच नोंद. सहा-सहा नोंदींचं एक अक्षर, म्हणजे 20 अक्षरं. बिंदू किती हे सांगणारं आणखी एक. संपूर्ण आलेख 21 अक्षरांत! या ओळी क्रमाने लावून दुबार काढल्या की उरतात ते खरोखर वेगळे आलेख.

आत सुरुवातीला चालतो तो पेठेतलाच हिशेब: कुणाला किती शेजारी, त्या शेजाऱ्यांना किती. बहुतेक आलेखांत एवढ्यावर बिंदू वेगळे पडतात. सगळेच बिंदू सारखे दिसले की मात्र पंचाईत होते, आणि तिचा नामांकित नमुना मराठी आडनावाचा आहे.

शरदचंद्र शंकर श्रीखंडे नागपुरात शिकले, पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले. 1959 मध्ये गणितज्ञ बोस आणि पार्कर यांच्यासह त्यांनी ऑयलरचा पावणेदोनशे वर्षांचा अंदाज खोटा ठरवला, त्याचा गाजावाजा झाला. मला त्याच वर्षीचं त्यांचं दुसरं काम अधिक मोहक वाटतं. बुद्धिबळाचा 4 बाय 4 चा पट घ्या. हत्ती एका चालीत जिथे जातो ती घरं जोडा. प्रत्येक घराला 6 शेजारी, आणि कोणत्याही दोन घरांना नेमके 2 सामाईक शेजारी. पट इतर कोणत्याही मापाचा असेल, तर अशा आकड्यांवरून आलेख पक्का ठरतो. फक्त 4 ला अपवाद निघतो, हे श्रीखंड्यांनी दाखवलं: हेच आकडे असलेला आणखी एकच आलेख आहे. तोच 'श्रीखंडे आलेख'.

फरक हातानेही तपासता येतो. हत्तीच्या आलेखात एखाद्या बिंदूचे सहा शेजारी आपसात दोन सुटे त्रिकोण करतात. श्रीखंडे आलेखात त्यांचं एकच षटकोनी कडं होतं. नुसती शेजाऱ्यांची मोजणी इथे हात टेकते. म्हणून नॉटी एक बिंदू उचलून त्याला वेगळा मानतो आणि मोजणी पुन्हा करतो. अडला की आणखी एक. अशा फांद्या वाढत जातात. मात्र आलेख स्वतःवरच फिरवून तसाच बसत असेल, तर सारख्या फांद्या छाटता येतात. हत्तीचा आलेख असा 1152 प्रकारे बसतो, श्रीखंड्यांचा 192. उरलेल्या फांद्यांतून नियमाने एक निवडायची, तिचे क्रमांक प्रमाण.

हे 'प्रमाण' त्या प्रोग्रामपुरतंच असतं. आवृत्ती किंवा पर्याय बदलले तर त्याच आलेखाची ओळ वेगळी येऊ शकते. जुन्या फाइलशी तुलना करायची असेल, तर आधी तीही नव्या आवृत्तीतून काढून घ्यावी.